गुडघा दुखतोय, पण आधी सीटची उंची मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४४, दिवसभर बसून काम, दीड वर्षापासून हायब्रिड सायकल. रविवारी पुण्याहून खेड शिवापूर, जमलं तर शिरवळपर्यंत. साधारण ५० किलोमीटर झाले की उजवा गुडघा समोरून, वाटीच्या आसपास दुखायला लागतो. चढावर वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना चांगलाच जाणवतो. एक्स-रे नॉर्मल आहे. डॉक्टरांनी काही दिवस सायकल बंद ठेवायला सांगितली, तुम्ही तीन आठवडे ठेवलीत, पुन्हा सुरू केल्यावर दुखणं तिथूनच पुढे. दहा आठवड्यांनी, डिसेंबरमध्ये, पहिली २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची २०० किलोमीटरची राइड, करायची आहे. तुम्ही विचारलंय की नी कॅप घ्यावी का, वंगणाच्या गोळ्या सुरू कराव्यात का, आणि शेवटी सायकल सोडावीच लागेल का. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय: ‘सीट फार वर नाही, सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतात.’

मी त्या वाक्यापाशी थांबले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वीस वर्षं हेच काम करते, आणि त्यातली बारा वर्षं स्वतः लांब पल्ल्याची सायकल चालवते. तुमचा गुडघा मी हातात घेऊन पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवर आधारलेलं आहे. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. गुडघ्याला सूज येत असेल, चालताना तो अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, रात्री झोपेतून जागं करण्याइतका ठणकत असेल, गरम किंवा लाल वाटत असेल, पोटरी सुजून दुखत असेल, किंवा पूर्वी पडून मार लागलेला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा. यातलं काही नाही असं गृहीत धरून पुढे जाते.

तुम्ही वर्णन केलंय ते दुखणं माझ्याकडे येणाऱ्या सायकलवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसतं. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका खाचेतून वरखाली सरकते. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना तुम्ही जोर लावाल, तितकी ती वाटी त्या खाचेत जास्त दाबली जाते. जिना उतरताना दुखणं ही याचीच खूण. तीन अंकी नाटक बघून उठताना पहिली चार पावलं गुडघा धरून ठेवतो, जमिनीवर मांडी घालून बसून उठताना कळ येते, हेही त्याच जातीचं. एक्स-रेत हाडं दिसतात आणि तुमची हाडं चांगली आहेत. पण या दुखण्यात एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये काही नाही, मग दुखतं कसं’ हा प्रश्न मनातून काढून टाका. दुखणं खरं आहे. झीज झालीय, वंगण संपलंय असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. गुडघ्याची खरोखर झीज झालेल्यांनाही आम्ही व्यायाम म्हणून सायकल सांगतो, कारण तिच्यात चालण्याधावण्यासारखे दणके बसत नाहीत.

डॉक्टरांचा सल्लाही चुकीचा नव्हता. चिडलेल्या गुडघ्याला शांत व्हायला वेळ लागतो आणि तो तुम्ही दिलात. पण ज्या कारणाने तो चिडला होता, ते तीन आठवडे पार्किंगमध्ये तसंच उभं होतं. परत बसलात, परत तेच. म्हणजे गुडघ्यावर उपचार काय करायचे याच्या आधी विचारायला हवं की सायकलवर त्याला काय सोसावं लागतंय. लांब राइडमध्ये हा प्रश्न मोठा होतो, तो निव्वळ आकड्यामुळे. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० झाले, दहा तासांत ४८,०००. ऑफिसला जाता येता ज्या चुकीचा पत्ताही लागत नाही, ती इतक्या वेळा झाली की गुडघा बोलणारच.

आता सीट. पेडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं तो क्रँक जिथे फ्रेममध्ये बसतो, तो मध्यबिंदू बहुतेक सायकलींवर जमिनीपासून साधारण २७-२८ सेंटिमीटर उंचीवर असतो. दुसरीकडे तुमच्या पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये घालून सीटवर बसल्यासारखं वर दाबा, आणि पुस्तकाची वरची कड जिथे भिंतीला लागते तिथे घरातल्या कुणाला पेन्सिलची खूण करायला सांगा. समजा हे अंतर ८० सेंटिमीटर आलं. सायकलवाले वर्षानुवर्षं वापरतात तो आकडा आहे ०.८८३. ८० गुणिले ०.८८३ म्हणजे सुमारे ७०.६ सेंटिमीटर. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीला धरून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. नळी तिरकी असते हे हिशेबात घेतलं तरी सीटचा माथा जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर जातो, आणि तुमचा पाय आहे ८० चा. बुटाचा तळ धरला तरीही अशा सीटवर बसून दोन्ही पाय आरामात टेकणं शक्य नाही. टेकतात याचा अर्थ तुमची सीट बरीच खाली आहे. मी असे लोक पाहिलेत ज्यांची सीट सहा-सात सेंटिमीटर खाली होती आणि गोळ्या वर्षभर चालू होत्या.

सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा छातीकडे जास्त दुमडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही जोर लावायला सुरुवात करता. वाटीवर सगळ्यात जास्त दाब येईल अशी ही जागा. दुकानात सीट खाली ठेवून देतात, कारण नवीन माणसाला पाय टेकले की सुरक्षित वाटतं. ती भीती मी कमी लेखत नाही, आपल्या रस्त्यांवर तर नाहीच. पण थांबण्याची रीत वेगळी आहे. ब्रेक लावत सीटवरून पुढे उतरून दांडीवर यायचं आणि एक पाय खाली टेकवायचा. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा केलंत की अंगवळणी पडतं.

उंची तपासायची दुसरी घरगुती पद्धत: सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा, कंबर कुठेही न झुकवता टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पेडलवर चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. क्लिनिकमध्ये हा कोन मी मोजते, तो २५ ते ३५ अंशांच्या मध्ये आला तर मला पुरतो. सूत्र आणि टाच यांत सेंटिमीटरभर फरक आला तर टाचेवर विश्वास ठेवा, कारण बुटाच्या तळाची जाडी, क्रँकची लांबी, सीटचा मऊपणा यातलं काहीच सूत्राला माहीत नसतं. सीटवर जेलचं कव्हर असेल तर ते काढून मोजा, जमलं तर काढूनच ठेवा. ते बसल्यावर दबतं, आणि लांब राइडमध्ये त्याने मांडी घासते ते वेगळंच.

मात्र पाच सेंटिमीटरची चूक सापडली म्हणून एका दिवसात पाच सेंटिमीटर वर चढवू नका. दीड वर्षं तुमचे स्नायू त्या चुकीच्या उंचीवर घडलेत. पाच मिलिमीटर वर, दोन-तीन राइड, मग पुन्हा पाच मिलिमीटर. मागून कुणाला तरी पाहायला सांगा, किंवा फोन लावून व्हिडिओ घ्या. कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली, किंवा पेडल खाली जाताना तुम्ही पंजाने ते शोधायला लागलात, तर एक पायरी खाली या.

शेवटी जी उंची ठरेल तिथे सीटपोस्टवर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्यावर, फ्रेमच्या तोंडाशी, इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. हे मी प्रत्येकाला करायला लावते. हा दांडा आवळून धरणारा क्लॅम्प सैल असेल तर सीट खड्ड्याखड्ड्याने खाली सरकते, आणि इतकी हळू की बसणाऱ्याला कळत नाही. एक बाई माझ्याकडे दोन महिने व्यायामाला येत होत्या, गुडघा बरा व्हायचा आणि पुन्हा दुखायचा. पट्टी लावल्यावर तीन आठवड्यांनी ती होती तशी दिसायला हवी होती, ती तशी नव्हतीच. उलट पट्टी फ्रेमच्या तोंडाशी चुरगळून गोळा झाली होती. सीट सव्वा सेंटिमीटर खाली गेली होती. क्लॅम्प बदलला, दुखणं थांबलं.

सीट पुढे-मागे किती असावी हे पाहायला गवंड्याचा ओळंबा लागतो. सुतळीला एक नट बांधला तरी चालतो. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या वाटीखाली जे हाडाचं टेंगूळ लागतं तिथून सुतळी सोडा. नट पेडलच्या आसाच्या आसपास आला तर ठीक. तो आसाच्या बराच पुढे लोंबत असेल तर सीट थोडी मागे घ्या. ही पद्धत म्हणजे सुरुवात करायची जागा, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. प्रत्येकाच्या मांडीच्या हाडाची लांबी वेगळी असते. उंची बदलली की हेही थोडं बदलतं, म्हणून आधी उंची, मग हे.

सीटनंतर माझा संशय गिअरवर आहे, कारण तुमचं दुखणं चढावर वाढतं. बऱ्याच हायब्रिडना पुढे तीन चकत्या असतात, अनेकदा ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या. लहान चकती ‘फारच हलकी’ म्हणून वापरायचीच नाही, असं मी अनेकांकडून ऐकते. हिशेब करून पाहा. खंबाटकीच्या चढावर तुम्ही ताशी १० किलोमीटरने चाललात, पुढे ३८ आणि मागे २४ दाते, तर पाय मिनिटाला साधारण ४९ वेळा फिरतात. त्याच वेगाने पुढे २८ आणि मागे २८ ठेवलं तर ७७ वेळा. वेग तोच, घाम जवळपास तोच, पण पहिल्या गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याला पेडल दीडपटीहून जास्त जोराने दाबावं लागतं. तो जोर गुडघ्यातून जातो. हलक्या गिअरमध्ये दम जास्त लागल्यासारखा वाटतो, ते खरं आहे. भार स्नायूंवरून हृदय-फुप्फुसांकडे सरकतो. पण दम पाच मिनिटं थांबलं की परत येतो, गुडघा पाच मिनिटांत परत येत नाही.

तेव्हा सपाटीवर ८० ते ९०, घाटात ७० च्या खाली नाही, असा कॅडन्स, म्हणजे पायांचे मिनिटाचे फेरे, ठेवायचा प्रयत्न करा. मीटर नसेल तर पंधरा सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. चढ सुरू होण्याआधी गिअर उतरवा. चढावर अडकून मग उतरवायला गेलं की चेनही कुरकुरते आणि तो एक-दोन फेऱ्यांचा झटका गुडघ्याला बसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास. जड गिअर हाणायची गरजच नाही.

एकच गुडघा का, तर मला वाटतं याचंही उत्तर सिग्नलवर असावं. बहुतेक लोक उजवा पाय पेडलवर ठेवून निघतात. थांबताना गिअर उतरवला नसेल तर थांबलेली सायकल दर वेळी जड गिअरमधून तो एकटा उजवा पाय उठवतो. शहरातून बाहेर पडेपर्यंत असं किती वेळा होतं ते एकदा मोजाच. थांबायच्या आधी दोन गिअर हलके करायचे, एवढीच सवय. दुसरी शक्यता उजव्या खुब्याचे स्नायू कमजोर असण्याची. आरशासमोर जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच जमिनीला लागेपर्यंत हळू खाली या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला तर छान. आत, दुसऱ्या गुडघ्याकडे कोसळत असेल, तर पेडल मारतानाही तो तसाच झुकत असणार. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांमध्ये मला हे सर्रास दिसतं. दोन्ही पायांची लांबी कमी-जास्त असणं हे तिसरं कारण, पण ते अंदाजाने ठरवू नका, मोजून घ्यावं लागतं.

व्यायाम फार नकोत, चार पुरतात, आठवड्यातून तीनदा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, जमलं की एकावर. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे नेत उचलणं. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसणं, दुखणार नाही इतक्याच खोलीवर, तीस-चाळीस सेकंद. आणि तीच पायरीवरून हळू उतरायची चाचणी, आता व्यायाम म्हणून. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल. सकाळीही रेंगाळत असेल तर जास्त झालं. खोल उठाबशा सध्या टाळा. फरक जाणवायला सहा आठवडे तरी धरा.

नी कॅपबद्दल. पहाटेच्या थंडीत गुडघा उबदार ठेवायला घालायची असेल तर घाला, सैलसर. घट्ट कॅप गुडघ्याच्या मागच्या बाजूला काचते आणि कारणाला हातही लावत नाही. टेपिंगने, म्हणजे गुडघ्यावर चिकटपट्ट्या लावून, काहींना तात्पुरता आराम पडतो, तो मी शिकवते, पण सीट दुरुस्त झाल्यावर. वंगणाच्या गोळ्यांवर तुमच्या बाबतीत पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. आणि वेदनाशामक गोळी खाऊन राइडला निघणं कृपा करून करू नका. दुखणं दबतं म्हणून आपण दाबत राहतो, शिवाय उन्हात आठ-दहा तास, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. आदल्या संध्याकाळी एक आणि वाटेत एक, असं नेमाने घेणारे लोक मला भेटलेत. मला त्यांची काळजी वाटते.

ज्यांचं दुखणं दुसऱ्या जागी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर बहुधा सीट जास्त वर किंवा जास्त मागे गेलेली असते, म्हणजे वरचं सगळं उलट. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखत असेल आणि बुटांना क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी तळाची खाच) असेल, तर आधी क्लीटचा कोन पाहा. हा धडा मी स्वतः घेतलाय. एका ३०० च्या ब्रेव्हेच्या दोन दिवस आधी मी नवे बूट घेतले, दुकानात क्लीट लावून मिळाले, उजवा किंचित आत वळलेला होता. घराभोवती चक्कर मारली तेव्हा काही वाटलं नाही. उंब्रजहून परतताना साताऱ्याजवळ, १९० च्या आसपास, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं सुरू झालं. पुढच्या वीस किलोमीटरमध्ये पाय वाकवणं अशक्य झालं आणि मी टेम्पोतून घरी आले. नंतर पाच आठवडे सायकल बंद. दोन-तीन अंशांचा फरक होता. त्या दिवसापासून राइडच्या आधीचे पंधरा दिवस मी सायकलवर काहीही नवीन लावत नाही. तुमचे पेडल साधे आहेत, पाय त्यावर मोकळा फिरतो, तेव्हा हा संशय तुमच्यावर नाही. पण ‘ब्रेव्हे आहे तर क्लीट घे’ असं कुणी सांगेल, ते डिसेंबरनंतर.

आता दहा आठवड्यांचं काय करायचं. तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात ३०-४० च्या राइड होत्या आणि ब्रेव्हेचं ठरल्यावर एकदम ८० वर गेलात. दम महिन्याभरात वाढतो, स्नायू त्याच्या मागोमाग, पण स्नायूंच्या दोऱ्या आणि कूर्चा फार सावकाश तयार होतात. माणसाला वाटतं आपण तयार झालो, गुडघा अजून मागेच असतो. तेव्हा पहिले दोन आठवडे दुखणं सुरू होतं त्याच्या बरंच आधी थांबा, ३५ किलोमीटरवर, सपाट रस्त्याने, हलक्या गिअरमध्ये, आणि याच काळात सीट वर नेत राहा. मग आठवड्याचं एकूण अंतर दहा-बारा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. घाट पाचव्या आठवड्यात, आधी जुना कात्रज एकदा. सिंहगड आणि पसरणी इतक्यात नको. ब्रेव्हेच्या आधी एक राइड १२० ची झाली आणि दुसऱ्या सकाळी जिना निमूटपणे उतरता आला, तर तुम्ही २०० कराल असं मला वाटतं.

आणि नाही झालं तर? सहाव्या आठवड्यातही ५० नंतर तसंच दुखत असेल तर डिसेंबर सोडून द्या आणि प्रत्यक्ष दाखवा, जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला, सायकल सोबत घेऊन. सायकल न पाहता फक्त गुडघा पाहणाऱ्याला अर्धीच गोष्ट दिसेल. २०० ची ब्रेव्हे याच मोसमात पुन्हा येईल.

दोन आठवड्यांनी मला तीन गोष्टी कळवा: पायाची आतली लांबी, सीटची आत्ताची आणि नवी उंची, आणि सपाटीवर कुठल्या गिअरमध्ये मिनिटाला किती फेरे पडले. जिना उतरताना कसं वाटतं तेही लिहा. त्यावरून पुढे काय बदलायचं ते सांगते. तोवर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती चिकटपट्टी आजच लावा, आहे त्या उंचीवर.